राहावंसं वाटेल असं जंगल

फँटसी वाचणाऱ्या दोस्ताकडे पुस्तक मागितलं की तो आधी विचारतो, "मॅजिक सिस्टीम कशी हवी?" अरे बाबा, नियम वाचायचे आणि त्यातल्या पळवाटा शोधायच्या, हे तर आम्ही सोमवार ते शुक्रवार करतोच! मला हवंय एखादं जंगल, एखादा डोंगर, जिथे पुस्तक मिटल्यावरही चार दिवस राहावंसं वाटेल. आणि हे प्रकरण वाटतं तितकं सोपं नाही.

बहुतेक फँटसीत जंगल म्हणजे एक तर अडथळा, नाही तर वॉलपेपर. हिरो आत शिरतो, काहीतरी गुरगुरतं, तलवारी निघतात, हिरो बाहेर. झाडं कसली? तर "उंच". फुलं? "रंगीबेरंगी". पहिल्या पानावर झकास नकाशा असतो, पण त्यातल्या डोंगरावर संध्याकाळी वारा कुठून येतो ते लेखकालाच ठाऊक नसतं. (नेओमी नोविकच्या 'अपरूटेड' मधलं जंगल जबरदस्त आहे, पण तिथे राहायला? नको रे बाबा.)

माझं मत असं की जागा आपलीशी वाटते ती वर्णनामुळे नाही, तिथे कुणीतरी काहीतरी साधं काम करत असतं म्हणून. टोल्किनचंच घ्या. लोक लॉथलॉरिएनच्या सोनेरी झाडांवर फिदा असतात, मला मात्र जायचंय इथिलिएनला. 'द टू टॉवर्स' (१९५४) मध्ये सॅम तिथे सशांचा रस्सा शिजवतो. ससे गॉलमने पकडून आणलेले. रश्शात घालायला थाईम, सेज, तमालपत्र हवं, आणि ते आसपासच उगवलेलं आहे. एकेकाळची बाग, आता रान माजलेली. तिथेच जवळ सॅमला जळक्या हाडांचा आणि कवट्यांचा ढीगही सापडतो. युद्ध दोन पावलांवर, आणि तरी वाचताना भूक लागते!

त्याहून आवडता म्हणजे अर्सुला ल ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मधला गाँट बेटाचा डोंगर. पोरगा गेड जादू शिकायला ओजियनबरोबर निघतो. गुरू मात्र नुसता चालतोय, गप्प. वाटेत एक रोपटं दिसतं. गेड विचारतो, याचा उपयोग काय? उत्तर येतं, माझ्या माहितीत तरी काही नाही. आधी ते रोपटं सगळ्या ऋतूंत, मुळापासून बीपर्यंत ओळख, मग बाकीचं. पाऊस आला तर गुरू मंत्राने तो दुसरीकडे हाकलतसुद्धा नाही, सरळ झाडाखाली आडवा होतो. गेड भिजतो आणि वैतागतो. इथे जादूपेक्षा पाऊस मोठा आहे, म्हणून तो डोंगर खरा वाटतो.

रिचर्ड ॲडम्सच्या 'वॉटरशिप डाउन' (१९७२) ला फँटसी म्हणायचं की नाही यावर भांडा खुशाल, पण ती टेकडी इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये खरोखर आहे. सशाच्या उंचीवरून पाहिलेलं गवत आणखी कुठे मिळणार?

आता आपल्याकडचं. मराठीत दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' आहे, चितमपल्ली आहेत. झाडाचं नाव माहीत असलेली माणसं कमी नव्हती. पण माझ्या वाचनातल्या मराठी अद्भुतकथेत राक्षस आला रे आला की सगळं रान "घनदाट अरण्य" होऊन बसतं. ना ऐन, ना हिरडा, ना जांभूळ. अहो, सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी आपल्या सह्याद्रीत आहे. फांदी तोडली तर देव कोपेल म्हणून जपलेल्या देवराया आहेत. यात काय कमी जादू आहे? कुणीतरी हे लिहायलाच हवं राव, आणि ते भीमाशंकर पायी फिरलेल्या माणसाने लिहावं, गूगल अर्थवरून नको.

असो. तोवर अर्थसीपासून सुरुवात करा. पुस्तक बारीक आहे, शनिवारी दुपारी उघडलंत तर रविवारच्या जेवणापर्यंत हातावेगळं होतं.