सहलीची बस तरवडीलाही थांबावी

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडल्या की नगर जिल्ह्यातील माध्यमिक विद्यालयांत सहलींचा हंगाम सुरू होतो. किल्ले, लेणी, धरणे आणि देवस्थाने हा त्यांचा जुना, ठरलेला मार्ग. अलीकडे त्यात एका नव्या थांब्याची भर पडू लागली आहे. वृत्तपत्राचे कार्यालय, आकाशवाणीचे केंद्र, जमल्यास एखाद्या वाहिनीचा स्टुडिओ मुलांना दाखवावा आणि प्रसारमाध्यमांत कोणकोणत्या नोकऱ्या असतात याची त्यांना ओळख करून द्यावी, असा त्यामागचा हेतू सांगितला जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचविले आणि या भेटींना सरकारी आधारही मिळाला. दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात तर २०१८ पासून प्रसारमाध्यमांवर स्वतंत्र प्रकरण आहे. हेतू चांगला आहे, याविषयी वाद नाही. प्रश्न एवढाच की, या भेटीत मुलांना नेमके काय दाखविले जाते, आणि ती पाहण्यासाठी बसमध्ये कोण बसलेले असते.

सहलीची बस वृत्तपत्राच्या दारी पोहोचते ती बहुधा सकाळी अकराच्या सुमारास. त्या वेळी संपादकीय विभागातील खुर्च्या रिकाम्या असतात, कारण तेथील काम दुपारनंतर सुरू होते आणि मध्यरात्रीपर्यंत चालते. छपाईयंत्र थंड पडलेले असते. व्यवस्थापक यंत्राची किंमत आणि ताशी वेग सांगतो, मुले ते वहीत टिपून घेतात, पुढे छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी त्याच पत्रात ते झळकते. वाहिनीच्या स्टुडिओत याहून वेगळे घडत नाही. दिव्यांखाली प्रत्येकाला निवेदकाच्या खुर्चीत अर्धे मिनिट बसविले जाते. बातमी कोठून आली, ती कोणी लिहिली, त्यातले काय कापले गेले आणि कोणाच्या सांगण्यावरून, यांपैकी काहीही मुलांच्या दृष्टीस पडत नाही. घड्याळाच्या कारखान्यात नेऊन फक्त तबकडी दाखवावी, तसाच हा प्रकार.

वास्तविक नगर जिल्ह्याला या विषयात दुसऱ्यांचे दिवे पाहण्याची गरज नाही. मराठी पत्रसृष्टीतील आद्य नियतकालिकांपैकी एक, ‘ज्ञानोदय’, १८४२ साली याच नगर शहरात अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केले. मुले इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव पाठ करतात. ते आपल्या जिल्ह्याच्या गावी निघाले, हे मात्र त्यांना बहुधा कोणी सांगत नाही. त्याहून मोठी गोष्ट नेवासे तालुक्यातील तरवडीची आहे. मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली ‘दीनमित्र’ हे सत्यशोधक विचाराचे साप्ताहिक सुरू केले आणि १९६७ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, त्याला वाहून घेतले. त्यातील बहुतेक काळ ते तरवडीसारख्या खेड्यातून निघाले. मुंबई-पुण्याची पत्रे ज्या काळी शेतकऱ्याचा उल्लेख दुष्काळापुरता करीत, त्या काळी एका खेड्यात छापखाना उभा राहतो आणि सावकारी, भिक्षुकशाही व जातिभेद यांवर शेतकऱ्याच्याच बोलीत लिहितो, ही देशातही दुर्मिळ अशी घटना होती. मुकुंदरावांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केला होता. म्हणजे वारसा पुण्याचा, पण तो रुजला तो नगरच्या मातीत. पत्रकारितेत ‘करिअर’ म्हणजे काय, हे सांगायला याहून सरस थांबा कोणता? पण तरवडीला झगमगाट नाही, म्हणून सहलीच्या यादीत तिचे नाव शोधावे लागते.

या भेटींत मुलांसमोर आदर्श म्हणून नागराज मंजुळे यांचे नाव हमखास घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या वडार समाजातील या तरुणाने नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापनशास्त्राचे शिक्षण घेतले. शाळेसाठी आसुसलेल्या मुलाची कथा सांगणारा त्यांचा ‘पिस्तुल्या’ हा लघुपट त्या शिक्षणातूनच निर्माण झाला आणि राष्ट्रीय पुरस्कारास पात्र ठरला. ‘ख्वाडा’चे दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे हेही त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. एका दिवसाच्या भेटीने या दोघांना घडविले नाही. मुंबईला न जाता, जिल्ह्याच्या ठिकाणी, परवडेल अशा फीमध्ये, कॅमेरा हाती धरू देणारा अभ्यासक्रम उपलब्ध होता, म्हणून हे घडले. व्यक्तीच्या जिद्दीचे पोवाडे गाताना संस्थेचे श्रेय विसरले, की पुढच्या पिढीला संस्था नाकारणे सोपे जाते.

ज्या क्षेत्राचे दार मुलांना दाखवावयाचे, त्याच्या आतली परिस्थितीही त्यांना कळली पाहिजे. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ साली केलेल्या पाहणीत माध्यमांतील नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ जागांवर उच्चवर्णीय आढळले. अनुसूचित जाती-जमातींचा एकही पत्रकार त्यांत नव्हता. तालुक्याच्या वार्ताहराची स्थिती तर सर्वश्रुत आहे. बहुतेकांना पगार नाही. मिळतो तो जाहिरातींवरील कमिशनचा तुकडा, आणि त्यासाठी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या गोळा कराव्या लागतात. कोणी झेरॉक्सचे दुकान सांभाळून बातम्या देतो, कोणी विम्याचे काम करून. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला, मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरल्या. पण तालुक्याचा वार्ताहर कागदोपत्री नोकरच नसल्याने तो या साऱ्याच्या बाहेर राहिला. सोनईचे हत्याकांड २०१३ साली घडले, खर्ड्याचे २०१४ साली. अशा घटनांची पहिली कुणकुण लागते ती याच माणसाला. त्याची बातमी दोन ओळींची होणार की दोन रकान्यांची, हे त्याच्या धैर्यावर जितके ठरते तितकेच त्याचे घर कोणाच्या जाहिरातीवर चालते यावरही ठरते. (दरवर्षी ६ जानेवारीला शाळाशाळांतून शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार होतो, हे खरे. शालीने वेतनाचा प्रश्न झाकला जातो, सुटत नाही.) रेडिओच्या बाबतीतही मुलांना हे सांगितले पाहिजे की, सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना मिळाली, सातारा जिल्ह्यात म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’ने तिचा उत्तम उपयोगही केला, तरी स्वतःची बातमी देण्याची परवानगी अशा केंद्रांना नाही. आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी प्रसारित करण्यापुरतीच ती मर्यादित आहे.

आता बसमध्ये कोण बसते, याकडे वळू. सहलीचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील ऊसतोड कामगारांचे कोयते त्याआधीच गाव सोडून गेलेले असतात, आणि त्यांच्यासोबत मुलेही फडात पोहोचलेली असतात. आजीआजोबांपाशी जी मुले मागे राहतात, त्यांना सहलीची वर्गणी परवडत नाही. एसटी महामंडळ शाळेच्या सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. पण उरलेले निम्मे भाडे, जेवण आणि इतर खर्च मिळून होणारी रक्कम या घरांच्या आवाक्याबाहेरच राहते. म्हणजे ज्यांच्या जगण्याची बातमी या जिल्ह्यातून सर्वांत कमी येते, नेमकी त्यांचीच मुले बातमीचे घर पाहण्यापासून वगळली जातात. कोणी मुद्दाम वगळले असे नाही. वेळापत्रकाने आणि वर्गणीने ते काम केले.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. ही भेट दसऱ्याच्या आत, कोयते गावात असतानाच घ्यावी. तिची वर्गणी मुलांकडून न घेता जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने तिच्यासाठी तरतूद करावी. वृत्तपत्राच्या कार्यालयात मुलांना संध्याकाळी न्यावे, म्हणजे भरलेल्या खुर्च्या आणि वाजणारे फोन त्यांना दिसतील. जेवणानंतर तासभर थांबता आले तर फिरते यंत्रही दिसेल. सकाळी तरवडी, दुपारी तालुक्याच्या वार्ताहराशी गप्पा, आणि त्याला महिन्याकाठी किती मिळतात हा प्रश्न विचारण्याची मुलांना मोकळीक असावी. शाळेत परतल्यावर निबंध लिहून घेण्याऐवजी भित्तिपत्रक काढावे आणि त्याची पहिली बातमी गावातल्या एखाद्या घडामोडीवर असावी: पाण्याचा टँकर किती दिवसांनी आला, रोजगार हमीची मजुरी किती दिवस थकली, पोषण आहारात काल काय होते. ती बातमी मुख्याध्यापकांना अडचणीची वाटली, तर ती भिंतीवर राहते की उतरते, हेही मुलांनी पाहावे.