नाव आपलं, कर्ज कुणाचं?

ॲडमिशनच्या दिवसांत कॉलेजबाहेरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटं उभे राहा. 'काका, नंबर सांगा, व्हॉट्सॲप करतो' असं म्हणत एकामागून एक मुलं आधार, पॅन, फोटो, सही सगळं दुकानाच्या नंबरवर पाठवून देतात. प्रिंट निघते, सुटे पैसे दिले जातात आणि मुलं फॉर्म भरायला पळतात. फाइल मात्र तिथल्या कॉम्प्युटरवरच राहते. काका भले असतील, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभरात कोण कोण बसतं, हे काकांना तरी कुठे ठाऊक असतं?

यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं, 'माझ्याकडे चोरण्यासारखं आहेच काय?' खात्यात चारशे रुपये, पगाराचा पत्ता नाही. खरं आहे. पण इथे चोराला आपले पैसे नकोच असतात, त्याला आपलं नाव हवं असतं. आपल्या नावावर कुठलंही कर्ज थकलेलं नाही, पाटी कोरी आहे, हेच त्याच्या कामाचं. शिवाय आपण आपला क्रेडिट रिपोर्ट कधी उघडूनच बघत नाही, त्यामुळे बोंब व्हायलाही वर्षं जातात.

हे सेलिब्रिटींनाही चुकलेलं नाही. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेता राजकुमार राव यानं ट्विटरवर सांगितलं होतं, की त्याच्या पॅनचा गैरवापर करून कुणीतरी २,५०० रुपयांचं कर्ज काढलं आणि त्याचा सिबिल स्कोअर घसरला. अडीच हजार! त्याच्यासाठी ही रक्कम किरकोळ आहे. पण तशीच नोंद आपल्या नावावर पडली, तर ती दिसते नेमकी नको त्या वेळी. कुठल्याही कर्जासाठी पहिल्यांदा बँकेत गेल्यावर. किंवा नोकरीच्या दारात. निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक स्टेट बँकेनं क्रेडिट रिपोर्टमधल्या नोंदींमुळे रद्द केली आणि २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं बँकेचा निर्णय कायम ठेवला. त्या प्रकरणात कर्जं उमेदवाराची स्वतःचीच होती. पण रिपोर्ट वाचणाऱ्याला सुरुवातीला फक्त नाव दिसतं. कर्ज खरं कुणी काढलं, हे सिद्ध करत बसायचं काम आपलं.

इथे नेहमीचा उपदेश सुरू होतो. 'आजची पिढी बेफिकीर आहे, ओटीपी देऊ नका, लिंक उघडू नका.' मान्य. पण अर्धीच गोष्ट का सांगता? आपल्याकडे झेरॉक्स मागतं कोण? होस्टेल मागतं, क्लासवाले मागतात, पंधरा दिवसांच्या इंटर्नशिपसाठी कंपनी मागते, फेस्टच्या स्पर्धेत नाव द्यायचं तरी आधार जोडा! दिलं नाही तर फॉर्म परत. मे २०२२ मध्ये आधारच्या बंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयानं 'झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड आधार वापरा' असा इशारा दिला होता. दोनच दिवसांत सरकारनं तो मागे घेतला आणि लोकांनी नेहमीची काळजी घ्यावी, असं सांगितलं. आता ऑफिसात गठ्ठ्यानं पडलेल्या झेरॉक्सची काळजी विद्यार्थ्यानं कशी घ्यायची?

म्हणून माझं म्हणणं असं, की सुरुवात कॉलेजांनी करावी. शिष्यवृत्ती थेट खात्यात यायची असेल तर आधार लागतं, ते समजू शकतं. पण स्पर्धेसाठी किंवा लायब्ररीसाठी कॉलेजचं आयकार्ड पुरेसं आहे. जिथे ओळख पटवायचीच आहे, तिथे कार्ड बघा आणि परत द्या. ठेवायचंच असेल तर मास्क्ड आधार घ्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि ते आधारच्या अधिकृत साइटवरून फुकट डाउनलोड होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्रही हेच आहे, की कामापुरतीच माहिती घ्या आणि काम संपल्यावर पुसून टाका.

आणि हो, आपल्याही बाजूचं बोलू. काही वेळा आपलं नाव कुणी चोरत नाही, आपणच ते उसनं देतो. मित्राचं कर्ज मंजूर होत नाही म्हणून त्याचा फोन आपल्या नावावर हप्त्यानं घ्यायचा. तो हप्ते थकवतो आणि रिपोर्ट आपला खराब होतो. त्याहून भयंकर म्हणजे 'नुसतं खातं वापरायला दे, महिन्याला काही हजार मिळतील' ही ऑफर. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि पोलीस पहिल्यांदा येतात ते खातेदाराकडे. दोस्ती खात्यात कॉफी पाजा, सिनेमा दाखवा, पण खातं आणि पॅन देऊ नका. 'पे लेटर'वर मागवलेली बिर्याणीही कर्जच असते. तिचे पैसे चुकवले तर त्याचीही नोंद होऊ शकते.

मग करायचं काय? सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चार कंपन्या आपल्या कर्जांची नोंद ठेवतात. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. थेट कंपनीच्या साइटवर जा. स्वतःचा रिपोर्ट बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. पण आकड्यावर थांबू नका. अनोळखी कर्ज, अनोळखी पत्ता किंवा आपण कधीच अर्ज न केलेल्या कंपनीची चौकशी दिसते का, ते बघा. दिसलं तर तिथेच तक्रार नोंदवा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. सोबत १९३० या हेल्पलाइनवर किंवा सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी नुसार गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे 'संचार साथी'वर दिसतं. तेही एकदा बघून घ्या.

एवढं सगळं अर्ध्या तासात होतं. त्याहून सोपं एक काम आहे, पण त्याला थोडी हिंमत लागते. पुढच्या वेळी फॉर्मवर 'आधारची झेरॉक्स जोडावी' असं दिसलं की खिडकीपलीकडच्या माणसाला शांतपणे विचारा, 'सर, ही कशासाठी लागते आणि नंतर तिचं काय करता?' एकट्यानं विचारलं तर आगाऊ ठराल. अख्ख्या वर्गानं विचारलं, तर कदाचित फॉर्मच बदलेल.