मर्जीचा परवाना

परकी नागरिकांच्या प्रवेशाचे व वास्तव्याचे नियमन करणारा नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून देशभर अमलात आला. १९२० चा पारपत्र कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा आणि १९४६ चा परकी नागरिक कायदा हे त्याच्यामुळे इतिहासजमा झाले. इंग्रजांनीच रचलेल्या कायद्यांखाली गोव्याच्या किनाऱ्यावरील वृद्ध इंग्रजांची नोंद व्हावी, हा विनोद आता संपला. मात्र घर कोणाच्या नावावर राहील, आपल्या पश्चात मालमत्तेचे काय होईल, या त्यांच्या खऱ्या चिंतांना हा कायदा स्पर्श करीत नाही.

या चिंता नव्या नाहीत. रावेरपलीकडचे, तापीकाठचे बुऱ्हाणपूर आज आपल्याला यंत्रमागांचे गाव म्हणून ठाऊक आहे. एके काळी ते मोगलांच्या दक्षिण सुभ्याचे मुख्य ठाणे होते. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये तेथे पोचला. बादशहा अजमेरला होता. बुऱ्हाणपुरी शाहजादा परवेझचा दरबार भरत असे. रोने त्याच्याकडे वखार घालण्याची परवानगी मागितली आणि ती मिळालीही. वकीलसाहेब तेथेच तापाने अंथरुणास खिळले, तो भाग निराळा. पुढच्याच वर्षी दक्षिणेची सूत्रे परवेझच्या हातून खुर्रमकडे गेली. ज्याच्या मर्जीने परवाना मिळाला, तोच जागेवर राहिला नाही.

रोला हवा होता दोन्ही बाजूंना बांधील राहणारा तह. आपल्या मृत देशबांधवांची मालमत्ता जप्त होऊ नये, वाटेत माल अडवला जाऊ नये, अशी त्याची कलमे होती. बादशाहीने त्याला फर्माने दिली, तह दिला नाही. १६१८ साली खुर्रमने सुरतेसाठी ज्या सवलती मान्य केल्या, त्यांत इंग्रजांनी आपसांतील तंटे आपणच मिटवावेत हे होते. पण घर भाड्याने घ्यावे, विकत घेऊ नये आणि बांधूही नये, अशी अटही होती. या पाहुण्यांनी पुढे काय केले, ते पाहता खुर्रमच्या सावधगिरीला नावे ठेवणे आम्हास जड जाते.

चारशे वर्षांनंतर आपला परकी चलन व्यवस्थापन कायदा जवळजवळ तेच सांगतो. येथे निवासी नसलेल्या विदेशी नागरिकाला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून स्थावर खरेदी करता येत नाही. पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने घेता येते. निवासी ठरण्यास आधीच्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांहून अधिक वास्तव्य लागते, आणि पर्यटक म्हणून काढलेले दिवस त्यासाठी कामी येत नाहीत. नियम कडक असला तरी अन्यायाचा नाही. किनाऱ्यालगतची जमीन पौंडांच्या भावाने विकली जाऊ लागली, तर गोमंतकीय तरुणाने घर कोठे बांधावे?

आक्षेप आहे तो अंमलबजावणीवर. या शतकाच्या पहिल्या दशकात बार्देश, पेडणे, सासष्टी येथे विदेशी लोकांनी घरे घेतली, ती चोरून नव्हे. दलालांनी व्यवहार जुळवले, वकिलांनी खते लिहिली, उपनिबंधकांनी शिक्के मारले, सरकारने मुद्रांक शुल्क पदरात पाडून घेतले. सक्तवसुली संचालनालयाच्या चौकश्या मागाहून आल्या. ज्यांनी नियम जाणून वळसा घातला, त्यांची गय करण्याचे कारण नाही. पण सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवून आयुष्याची पुंजी ओतणारा निवृत्त शिक्षक आणि दहा भूखंड अडवणारा धंदेवाईक यांना एकाच फुटपट्टीने मोजणे हा न्याय नव्हे. शिवाय भारतात राहणाऱ्याची ब्रिटिश सरकारी पेन्शन ज्या आकड्यावर सुरू होते, तेथेच गोठते. अमेरिकेत राहणाऱ्याची मात्र दरवर्षी वाढते. हा त्यांच्या सरकारचा पंक्तिप्रपंच. तो त्यांनी लंडनमध्ये मांडावा.

आपण मात्र स्विंडनकडेही पाहावे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना मिळणाऱ्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे हजारो गोमंतकीय इंग्लंडात गेले. ब्रेक्झिटनंतर वास्तव्याच्या अर्जाची मुदत ३० जून २०२१ रोजी संपली. तेव्हापासून नुसत्या पोर्तुगीज पारपत्रावर तेथे स्थायिक होण्याची वाट बंद झाली. इकडे भारतीय नागरिकत्व गेलेले. विदेशस्थ भारतीय कार्ड मिळाले तरी मतदान नाही, शेतजमीन वारशाने आली तर आली, विकत घेता येत नाही. आजोबांच्या गावी परतलेला हा माणूस कागदोपत्री परकाच. तेथील गृहखात्याने त्याच्याशी स्पष्ट, लेखी, मुदतबद्ध व्यवहार करावा असे आपण म्हणतो. तेच कळंगुटच्या म्हाताऱ्या इंग्रजाला नाकारण्यास आपल्यापाशी कोणते तोंड आहे?

राज्य सरकारने दोन गोष्टी कराव्यात. खरेदीदाराच्या निवासी दर्जाची कागदोपत्री खात्री पटल्याखेरीज उपनिबंधकाने खत नोंदवू नये, आणि नोंदवल्यास त्याची जबाबदारी त्याच्यावर राहावी. दुसरे, जुन्या व्यवहारांतील खोटे आणि भाबडे वेगळे काढून प्रत्येक प्रकरणाचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा, अशी मागणी केंद्राकडे लेखी करावी. या प्रकरणांतले बरेच खरेदीदार आता सत्तरी ओलांडलेले आहेत.