एका कमांडमध्ये नवं ॲप. पण ‘एंटर’ दाबण्याआधी यादी वाचा

हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतं, हे रोज तिथल्या कोंडीत अडकणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. तिथे रुजू होणाऱ्या नव्या इंजिनिअरच्या कानावर लवकरच एक शब्द पडू शकतो : मोनोरेपो.

म्हणजे काय? कंपनीची वेबसाइट, ग्राहकांचं ॲप, आतली ॲडमिन यंत्रणा, या सगळ्यांचा कोड एकाच भांडारात ठेवायचा. गुगलचं असं भांडार प्रसिद्ध आहे. २०१६च्या एका लेखात त्यांच्याच इंजिनिअर्सनी त्यात सुमारे २०० कोटी ओळींचा कोड असल्याचं सांगितलं होतं.

अशा भांडारात नवं ॲप हातानं उभं करत नाहीत. एनएक्स किंवा अँग्युलर सीएलआयसारखं टूल असतं. टर्मिनलमध्ये ‘जनरेट’ कमांड द्यायची, ॲपचं नाव लिहायचं, एंटर. फोल्डर, कॉन्फिगरेशन, चाचण्या सगळं तयार. सोय उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. दहा जणांनी दहा पद्धतींनी ॲप बनवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पण कमांड फक्त नवीन फाइल बनवत नाही, जुन्या फाइलही बदलते. मुळशीकरांना हे सातबाऱ्यावरून पटकन कळेल. सामाईक गटात नवा पोटहिस्सा पाडला, तर बाकीच्या खातेदारांनाही त्याची झळ बसते. इथेही मुळाशी असलेल्या सामाईक फाइल बदलल्या की ज्या ॲपला कुणी हात लावला नाही, त्याच्याही चाचण्या पुन्हा चालू शकतात किंवा तुटू शकतात.

म्हणून आधी ‘ड्राय-रन’. कमांडच्या शेवटी हा पर्याय जोडला की टूल प्रत्यक्षात काहीच लिहीत नाही. कोणत्या फाइल तयार होतील आणि कोणत्या बदलतील, एवढी यादी दाखवतं. त्यातला ‘अपडेट’वाला भाग नीट वाचा. वेळ तिथेच द्यायचा.

दुसरी गोष्ट टॅगची. कोणतं ॲप कुणाचा कोड वापरू शकतं, याचे नियम एनएक्समध्ये टॅगवर ठरवता येतात. सुरुवातीचा नियम मात्र ‘कुणीही कुणाचंही वापरा’ असा असतो. तो तसाच राहिला, तर पेमेंटचा कोड जाहिरातीच्या पानात शिरायला अडवणारं कुणी नाही.

हे सगळं फ्रेशरच्या माथी मारणं मला पटत नाही. एनएक्समध्ये टीमला स्वतःचा जनरेटर लिहिता येतो. टॅग आणि जबाबदार टीमचं नाव दिल्याशिवाय तो पुढेच सरकणार नाही, अशी सोय करता येते. हे काम टीम लीडचं. ‘डेडलाइन आहे’ म्हणून तेच मागे पडतं.

आणि टूलवर तरी डोळे झाकून विश्वास का ठेवायचा? २६ ऑगस्ट २०२५ रोजी खुद्द एनएक्सच्याच घातक आवृत्त्या एनपीएमवर टाकल्या गेल्या. काही तासांत त्या हटवल्या गेल्या, पण ज्यांनी त्या इन्स्टॉल केल्या, त्यांच्या संगणकावरची गिटहब टोकन आणि गुप्त किल्ल्या चोरून गिटहबवरच सार्वजनिक भांडारांत टाकल्या गेल्या. टर्मिनलमधली कमांड तुमच्याच अधिकारांनी चालते. त्यामुळे ‘लेटेस्ट’ न लिहिता टीमनं ठरवलेली आवृत्तीच वापरा आणि लॉक फाइलमधला बदल रिव्ह्यूला येईल तेव्हा तो उघडून बघा.