ड्रममधली धूळ आणि मिस्त्रीची फुप्फुसे

मोटारीच्या मागच्या चाकांचे ड्रमब्रेक बदलणे हे काम तंत्रदृष्ट्या फारसे अवघड नाही. अवघड आहे ते सुरक्षितपणे करण्यासाठी लागणारा वेळ मिळणे, कारण त्या वेळेचा आकार बिलात लागत नाही. ड्रम निघावा म्हणून हातब्रेक सोडावा लागतो. म्हणजे गाडी रोखून धरणारे साधनच नेमके त्या वेळी निकामी असते. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावणे आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम लोखंडी घोडीवर टेकवणे, एवढाच मिस्त्रीच्या जिवाला आधार.

परंतु त्याहून मोठा धोका ड्रम उघडल्यावर सुरू होतो. झिजलेल्या लायनरची पूड आत साठलेली असते आणि कॉम्प्रेसरची हवा मारून ती उडवण्याची रीत सर्वत्र रूढ आहे. मिनिटाचे काम! लायनर ॲस्बेस्टॉसचे आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. त्याचे तंतू फुप्फुसात गेल्यानंतर कर्करोग उद्भवायला वीस-तीस, कधी चाळीस वर्षेही लागतात. तोवर गॅरेज, मालक, गाडी, सारेच बदललेले असते. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. साध्या मराठीत, स्वस्त लायनरची उरलेली किंमत गॅरेजमधला पोऱ्या भरतो.

उपाय महागडा नाही. पूड कोरडी झटकू वा फुंकू नये. साबणाच्या पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी आणि फडके पिशवीत बंद करून टाकावे. नवे लायनर कोरडे घासू नयेत.

युरोपीय संघाने 2005 पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या आयातीवर अशी सरसकट बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षे, अथवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांतील नंतरच्या मुदतीपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला. पण नोंद ठेवायची कोणी? तीन माणसांच्या गॅरेजात हजेरीपटही नसतो, आणि राज्य कामगार विमा योजनेची सक्ती अशा ठिकाणी बहुधा पोहोचत नाही.

रिक्षाचालकांच्या संघटना भाडेवाढीसाठी रस्त्यावर उतरतात, ते योग्यच आहे. लायनरच्या खोक्यावर त्यातील घटक ठळक मराठीत छापलेच पाहिजेत, ही मागणीही त्यांनी आणि गॅरेज कामगारांनी एकत्र येऊन करावी. कारण दोघेही त्याच ड्रमशेजारी उभे असतात.