भंगार आणताय? आधी त्याचं कूळ विचारा



लावणी उरकली, भात आता उभं राहायला लागलंय. जरा सवड मिळाली म्हणून बरेच दिवस मनात साठलेलं लिहितो. काही जणांना लागेल. लागू दे.

आमच्या मावळात दर शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. टपावर जुनं दार, मागं लाकडी पॅलेट, निळे ड्रम, टायर. रविवारी संध्याकाळी गाड्या मोकळ्या परत जातात, सामान इथंच राहतं. कुणी टायरच्या पायऱ्या करतो, कुणी पॅलेटचा सोफा, कुणी रेल्वेच्या स्लीपरचा बाक. व्हिडिओ निघतो, त्यावर लिहिलेलं असतं 'टाकाऊतून टिकाऊ'. आणि आमच्यातलीच पोरं त्याला वाहवा देतात.

जुनं वापरायला माझा विरोध नाही. शेतकऱ्याएवढं जुनं कोण वापरतं? मोडक्या सायकलचं कोळपं आपल्याच लोकांनी केलं. जुन्या साड्या बांधून डुकरं अडवतो, फाटक्या ठिबकच्या नळीनं वेल बांधतो, पडक्या घराची कौलं गोठ्यावर चढवतो. पण औषधाच्या रिकाम्या डब्यात प्यायचं पाणी भरलेलं चालेल का कुणाच्या घरात? नाही. कारण त्यात काय होतं ते आपल्याला माहीत असतं. तीन वेळा खंगाळायचा, भोक पाडायचं, परत वापरायचा नाही. ह्या भंगाराचं मात्र कुणालाच काही माहीत नसतं आणि कुणी विचारतही नाही. माझं भांडण तेवढ्यापुरतं आहे.

आता निळ्या ड्रमचंच घ्या. दोनशे लिटरचा ड्रम भंगारवाल्याकडं स्वस्तात मिळतो. लेबल फाडलेलं असतं. ते का फाडलं असेल? आत आंब्याचा पल्प होता की कारखान्याचं केमिकल, हे भंगारवालाही सांगू शकत नाही. "धुवून घेतलाय हो काका," म्हणतात. एक तर प्लॅस्टिक आतलं द्रव्य थोडंफार पिऊन बसतं, साबणानं ते सगळं निघत नाही. आणि धुतलेलं पाणी गेलं कुठं? प्लॉट वरच्या अंगाला, ओढा मधून, आमच्या विहिरी खाली. त्याच ओढ्यावर आमची जनावरं पाणी पितात. खाण्याच्या वस्तूचाच ड्रम होता हे लेबलासकट दिसत असेल तर घ्या. नसेल तर पाण्याला लावू नका. भाजीच्या पाण्यालासुद्धा नको.

सिमेंटचा जुना पत्रा तर त्याहून वाईट. त्यात ॲस्बेस्टॉस असतो. साठाहून जास्त देशांनी तो बंद केलाय, आपल्याकडं अजून चालतो. छपरावर अखंड पडून असेल तोवर धोका कमी, पण कापला, फोडला की त्याची बारीक धूळ छातीत जाते आणि दुखणं वीस-तीस वर्षांनी वर येतं. आणि ग्रायंडर कोण चालवतं? साहेब नाही चालवत. आपल्याच वाडीतलं पोरगं रोजावर जातं, तोंडाला रुमाल बांधून दिवसभर पत्रे कापतं. उरलेले तुकडे वाटेवर भर म्हणून टाकतात, त्यावरून गाड्या जातात, परत धूळ. पोरांनो, दोन पैसे कमी मिळाले तरी चालतील, पण जुना सिमेंट पत्रा कापायला नाही म्हणा.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर भारी दिसतात, खरंय. पण बऱ्याच स्लीपरना किडू-कुजू नये म्हणून क्रिओसोट पाजलेलं असायचं, म्हणजे कोळशाच्या डांबरापासून काढलेलं तेल. उन्हात वास सुटतो तो त्याचाच. त्यावर लहान पोरं बसवायची नाहीत, त्याच्या कडेनं भाजी लावायची नाही. आणि काही महाभाग त्याच लाकडाची शेकोटी करून वर कोंबडी भाजतात! पॅलेटवर शिक्का बघायचा. गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असतं, शेजारी इंग्रजीत एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते चालतं. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेला, ते घरात नको आणि चुलीतही नको.

टायरचं गणित सोपं आहे. पावसाळ्यात आत पाणी साचतं. डेंग्यूचा डास अशा पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. मालक रविवारी गेला, मधे एखादा शनिवार चुकला, की ताप वाडीला. पाणी आटलं तरी कडेला चिकटलेली अंडी महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात.

आता सगळ्यात मोठं दुखणं, राडारोडा. शहरातली जुनी इमारत पाडायची, ट्रक भरून आपल्याकडं आणायचा आणि उतारावर भर टाकून हिरवळ करायची. ह्यालाही 'पुनर्वापर' म्हणतात. आमच्या वरच्या बाजूला एका प्लॉटवाल्यानं ओढ्याच्या काठावर अशीच भर टाकली. ओढा अरुंद झाला, पाणी बाजूच्या खाचरांत घुसलं, ताल फुटले. वाहून आलेल्या फरशा, काचा, तारा चिखलात बसल्या. भाताच्या चिखलात माणूस अनवाणी उतरतो हे त्यांना ठाऊक नसेल कदाचित. लावणीच्या बायकांचे पाय कापले तेव्हा आम्हाला कळलं की भिंतीत काय काय होतं.

इथं आपल्या लोकांनाही बोललं पाहिजे. ट्रकमागं चार पैसे मिळतात म्हणून रात्री स्वतःच्या खाचरात राडारोडा उतरवून घेणारे आपल्यातच आहेत. चुना-सिमेंटनं जमीन विम्लाच्या अंगावर जाते, नांगर लागत नाही, पाणी नैसर्गिक वाटेनं जात नाही. आणि शेजाऱ्यानं काय पाप केलं? राडारोडा कुठंही टाकायचा नाही हे नियम केंद्रानं २०१६ सालीच केलेत.

"मग सगळं नवीन घ्यायचं का काका? झाडं तोडायची का?" असं विचारतात. तसं कोण म्हणतंय? घडीव दगड घ्या, मंगलोरी कौलं घ्या, जुने सागवानी वासे घ्या, लोखंडी पत्रा घ्या. आपल्या गावातच पडकी घरं आहेत, तिथलं सामान कुठून आलं ते विचारायला घरातलं म्हातारं माणूस आहे. फक्त त्याला भाव नीट द्या. सरपणाच्या दरानं तुळई उचलायची आणि शहरात हजारोंना विकायची, हे दलालांचे धंदे आम्ही बघतोय.

टायर आणलेच असतील तर खालून मोठी भोकं पाडा आणि काठोकाठ माती भरा. सिमेंटचे पत्रे रचून ठेवलेत तर तसेच ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवा, फोडू नका.

आणि ज्यांच्या वरच्या अंगाला कुणी ओढा, चारी बुजवली असेल त्यांनी नुसतं पारावर बसून शिव्या देऊ नका. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली पाण्याच्या नैसर्गिक वाटेतला अडथळा काढायचा दावा तहसीलदारांकडं करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून थांबू नका. तारखेसकट फोटो, सातबारा, गट नकाशा जोडा आणि शेजारच्या दोघा-तिघांना बरोबर घ्या. अर्ज कसा लिहायचा हे जमत नसेल त्यांनी संध्याकाळी घरी या, आमचा केलेला अर्ज दाखवतो.