मधुमेहींच्या वाटीतील मका: धान्य की भाजी?

म्हैसूर परिसरात रागी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि कोंबडीचे सार ही जुनी जोडी आहे. त्याच साराला मक्याचे दाणे घालून केलेले हलके चिकन ‘मधुमेहींना चालते’ अशी शिफारस सर्रास केली जाते. ती अर्धीच खरी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. शेतकरी कुटुंबेही त्यात आली. अशा वेळी अर्धे सांगणे परवडणारे नाही.

मका हे धान्य आहे, हे ताटापाशी विसरले जाते. मधुमक्याच्या 100 ग्रॅम दाण्यांत सुमारे 19 ग्रॅम कर्बोदके असतात. त्यामुळे वाटीभर दाणे खाल्ल्यास भाकरी, भात किंवा मुद्दे तेवढ्या प्रमाणात कमी झाले पाहिजे. बेबीकॉर्नचे तसे नाही. ते स्त्रीकेसर बाहेर पडताच, परागीभवनापूर्वी तोडले जाते. दाण्यात स्टार्च भरलेलाच नसतो. त्याला भाजी म्हणण्यास हरकत नाही. पीक एकच, पण काढणीची अवस्था बदलली की आहाराचा सल्लाही बदलतो.

खरी गफलत होते ती कॉर्नफ्लोअरमुळे. कोंडा, अंकुर आणि प्रथिने काढून टाकल्यावर उरलेला हा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे. उपाहारगृहातील दाट सूप नावाला हलके असते, एवढेच. घरी चौघांसाठी कातडी काढलेले 250 ग्रॅम चिकन आणि 150 ग्रॅम दाणे पुरतात. दोन लहान चमचे तेलावर कांदा, आले, लसूण आणि कढीपत्ता परतून त्यात चिकन, फरसबी व पाणी घालावे. निम्मे दाणे अख्खे टाकावेत आणि निम्मे भरडसर वाटून घालावेत. दाटपणा त्यानेच येतो, शिवाय सालीतील तंतूही टिकतात. चिकन पूर्ण शिजल्यावर मिरपूड व लिंबू पुरे. लोणी आणि साखर नको. प्रत्येकाच्या वाट्याला मक्याची सुमारे 7 ग्रॅम कर्बोदके आणि चिकनची सुमारे 14 ग्रॅम प्रथिने येतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

धान्य शेताबाहेर पडल्यावर त्याचे काय करावे, या प्रश्नासाठी म्हैसूर येथे 1950 मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. कृषी विस्ताराने मात्र मक्याबाबत हा प्रश्न कोंबडीखाद्य आणि स्टार्च कारखान्याच्या दाराशीच सोडला आहे. पीक प्रात्यक्षिकाच्या फलकावर वाण, कालावधी आणि उत्पादन लिहिलेले असते. त्याखाली आणखी एक ओळ सहज मावेल: हा मका ताटात धान्य म्हणून मोजावा की भाजी म्हणून.